माझ्या नावाचं कारंजं

परवा सकाळी फुलबाजारात पाटी मांडून बसले होते, झेंडूवर पाण्याचा हबका मारत होते, तेवढ्यात प्रचाराची रिक्षा आली. वर भोंगा, दोन्ही अंगांना फ्लेक्स, फ्लेक्सवर कुणीतरी हात जोडून दात दाखवत उभा. भोंग्यातून आवाज फुटला आणि मी हबका मारायची थांबले. किती वर्षं झाली, आमच्या नाशकात महापालिकेची निवडणूक नव्हती. जुन्या सभागृहाची मुदत संपली, प्रशासक येऊन बसले, ते बसलेच. लोक कुरकुर करायचे. मी मात्र मनातल्या मनात म्हणायचे, बरं झालं, ब्याद टळली, आता हा हंगाम माझ्या हयातीत काही परत यायचा नाही. पण द्राक्षाचा येतो, वाटाण्याचा येतो, तसा हाही आलाच.

मी एके काळी नगरसेविका होते. पाच वर्षं. त्याआधी फुलवाली होते आणि त्यानंतरही फुलवालीच आहे. मधल्या पाच वर्षांची आठवण म्हणून बाजाराच्या कोपऱ्यात एक कारंजं आहे, त्यावर संगमरवरी पाटी आहे आणि पाटीवर माझं नाव आहे. कारंज्यात पाणी नाही. त्यात आता रिकामी पोती आणि सडकी फुलं टाकतात. माझी बसायची जागा त्याच्या बरोबर समोर आहे, त्यामुळं रोज पहाटे फुलांची पाटी उतरवली की पहिलं दर्शन माझ्याच नावाचं होतं. दुसरी जागा मागितली असती तर मिळालीही असती. मी मागितली नाही.

तेव्हाची निवडणूक थंडी सरता सरता झाली होती. मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा. गलांड्याची फुलं तोडताना पहाटे बोटं बधिर व्हायची आणि दहा वाजता त्याच रानात पाय पोळायचे, असे ते दिवस. त्या हंगामाचा वास विचाराल तर तो फुलांचा नव्हता. नव्या फ्लेक्सचा रसायनी वास, प्रचार कार्यालयात परतल्या जाणाऱ्या कांद्याचा वास, आणि ह्यांच्या पांढऱ्या कपड्यांना घातलेल्या खळीचा वास. ह्यांच्या म्हणजे आमच्या मालकांच्या. पंधरा वर्षं त्यांनी अण्णांच्या सतरंज्या उचलल्या होत्या. अण्णा म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ, ते ज्याला म्हणतील त्याला तिकीट. यंदा आपला नंबर, असं धरून ह्यांनी तीन जोड कपडे शिवून ठेवले. मग सोडत निघाली आणि वॉर्ड बाईला सुटला.

दोन दिवस हे नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडता मोडता माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं आधार कार्ड कुठंय?"

ही माझी उमेदवारी. कुणी विचारलं नाही, तुला उभं राहायचंय का म्हणून. पुढं अण्णांनी तेही तिकीट कापलं, दुसऱ्याच कुणाच्या मेव्हणीला दिलं, आणि हे इरेला पेटले. मला अपक्ष उभी केली. निशाणी कपबशी. फ्लेक्सवर ह्यांचा चेहरा परातीएवढा आणि माझा वाटीएवढा. मी म्हटलं, अहो, मत मला द्यायचंय ना लोकांनी? तर म्हणाले, तुला ओळखतं कोण.

ओळखत होत्या. बाजारातल्या बाया ओळखत होत्या. आणि सगळ्यांत जास्त ओळखायची मथुराबाई.

मथुराबाई सायखेड्याची. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठाला तिचं तुकडाभर रान, त्यात झेंडू आणि शेवंती. पहिल्या एस.टी.नं यायची, म्हणजे घरातून अंधारातच निघायची, आणि दुपारी दोन-अडीचला घरी पोचायची. वीस वर्षं ती माझ्या डाव्या हाताला बसली. मी तिच्यापेक्षा लहान, पण आम्ही एकमेकींना अगंतुगंच करायचो. ती सकाळी घरून निघताना पाणी प्यायची नाही. बाजारात चहा आला तर अर्ध्या कपानं ओठ ओले करायची आणि उरलेला मला द्यायची. मीही तो पुरा प्यायचे नाही. आमच्यातली कुणीच काही प्यायची नाही. बाजारात साठ-सत्तर बाया, आणि बायांनी जायचं कुठं याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. स्टँडवर जायचं तर पाटी कुणाच्या भरवशावर टाकायची, आणि ऐन गिऱ्हाइकीत उठायचं कसं? बाप्यांना भिंत पुरते. आम्ही दाबून धरायचो. उन्हाळ्यात डोळ्यांपुढं अंधारी यायची, पाळीच्या दिवसांत तर विचारायला नको. अशी ती पाणी न पिण्याची सवय अंगात मुरली होती, सासूकडून सुनेकडं जावी तशी.

मथुराबाईला मुतखडा होता. ती सांगायची आणि स्वतःच हसायची, "डागदर म्हनतो, बाई, दिवसाला बारा गिलास पानी पी. म्या म्हनलं, तू ये की मग माझ्या पाटीवर बसाया."

मी उभी राहिले तेव्हा तिनं मला एकच सांगितलं. "रस्ते-बिस्ते तू नको करू. ते करनारे लय हायेत. बाया मुताया कुठं बसतील तेवढं बघ. तेवढं केलंस तरी लय झालं."

तिचं मत आमच्या वॉर्डात नव्हतं, शहरातच नव्हतं. तरी आठ दिवस ती फुलं लवकर उरकून माझ्याबरोबर दारोदार फिरली. हातात खरीखुरी कपबशी. प्रत्येक दारात ती कपबशी पुढं धरायची आणि बायांना आत नेऊन हळूच सांगायची, ही आपल्यातली हाय, हिला ठाऊक हाय दुखतं कुठं. ह्यांचा परातीएवढा चेहरा बघून कुणी मतं दिली असतील तर मला माहीत नाही. मला निवडून आणलं ते त्या कपबशीनं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मथुराबाईनं बाजारातच कासारणीला बोलावलं, मला पाटीवर बसवलं आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. आतल्या आत सोनेरी ठिपके असलेल्या. मला त्या जरा भडक वाटल्या होत्या, पण मी काढल्या नाहीत.

त्याच दिवशी दुपारी अण्णांची गाडी आमच्या मळ्यात आली. ज्यांनी तिकीट कापलं त्यांनी ह्यांना मिठी मारली. आणि पंधरा वर्षं सतरंज्या उचललेला माणूस त्या मिठीत असा विरघळला की मला बघवेना.

झालं होतं असं, की महापौरपदही त्या खेपेला बाईलाच होतं आणि दोन्ही बाजू अडून बसल्या होत्या. अण्णांच्या बाजूनं त्यांची सून. दुसऱ्या बाजूनं हेडबाई. हेडबाई म्हणजे शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, तिसऱ्यांदा निवडून आलेल्या, अंगावर साधी सुती साडी, बोलणं तुटक. दोघींनाही एकेक हात मोजून हवा होता, म्हणून आम्हा अपक्षांना एकाएकी भाव आला. हेडबाई मात्र गाडी घेऊन मळ्यात आल्या नाहीत. त्या सकाळी सातला बाजारात आल्या, कोपऱ्यातली मोकळी जागा पावलं टाकून मोजली, आणि मला म्हणाल्या, "इथं सहा संडास बसतील. पाण्याची लाइन मागून घेता येईल. मी महापौर झाले तर पहिल्या सभेत हा विषय घेईन. तुमचा हात हवाय मला. पण घाबरत देणार असाल तर नको."

मी मथुराबाईकडं पाहिलं. ती झेंडूची माळ ओवत होती, सुई थांबवून माझ्या तोंडाकडं बघत होती. माझ्याही ओंजळीत झेंडूच होता. मी म्हटलं, "दिला. हात तुम्हाला."

हेडबाई गेल्यावर मथुराबाई म्हणाली, "शबूद दिलास हां." मी म्हटलं, हो गं बाई, दिला.

आणि दुसऱ्या दिवशी अण्णांची सहल निघाली, ह्यांनी आमच्या दोघांचा होकार देऊन टाकला होता.

सहल म्हणजे काय ते नाशिककराला सांगायला नको. महापौर ठरेपर्यंत नगरसेवक पळवले जाऊ नयेत म्हणून आपणच आधी पळवून न्यायचे. इगतपुरीच्या अलीकडं डोंगरात एक रिसॉर्ट होतं, तिथं आम्ही पाच दिवस. फोन पहिल्याच दिवशी पिशवीत घालून जमा केले. ज्यांच्या बायका निवडून आल्या होत्या ते नवरेही बरोबर होते, आणि खरं सांगायचं तर सहल त्यांचीच होती. सगळ्या बैठका त्यांच्या, आम्हाला हौजी आणि गाण्याच्या भेंड्या. बाहेर फाल्गुनातला डोंगर होता, वाळून पिवळा पडलेला, मधे मधे पळस पेटलेला, खाली धरणाचं पाणी.

आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्या सकाळी मला जाग आली तेव्हा उशाशी पाण्याची काचेची सुरई होती आणि चार पावलांवर पांढरंशुभ्र संडास-बाथरूम. मी एक पेला प्याले. मग दुसरा. मग तिसरा. इतकं गोड पाणी मी जन्मात प्याले नव्हते. सकाळच्या वेळी, कसलाही हिशेब न करता, आता उठावं लागेल याची धास्ती न धरता. खोलीत एकटीच होते, आणि मला रडू आलं. पाच दिवस मी पोटभर पाणी प्याले. लघवी पांढरी स्वच्छ झाली, डोकं दुखायचं थांबलं, चेहऱ्यावर तकाकी आली. हे म्हणालेही, मानवली बरं तुला ही हवा. पहिल्या दिवशी पाणी पिताना मथुराबाई आठवली. दुसऱ्या दिवशीही आठवली. चौथ्या दिवशी आठवली की नाही, मला सांगता येत नाही. माझी लाज इथं आहे. सभागृहातलं पुढचं जे आहे ते सगळ्या शहरानं पाहिलं, पण मुळात मी हरले ती या सुरईपाशी.

पाचव्या दिवशी बस टेकडीवरच्या एका देवळात गेली. अण्णांनी पुजाऱ्याकडून तबक घेतलं आणि एकेकाच्या तळहातावर चिमूटभर भंडारा आणि बेलाचं पान ठेवत आले. बेलभंडारा उचलायचा, म्हणजे शब्द फिरवला तर देव बघून घेईल. "कुणाला जमत नसेल तर बस खाली उभी आहे," अण्णा म्हणाले, "आत्ताच घरी जा. मी राग धरणार नाही." आवाज इतका मऊ की अंगावर काटा यावा. माझ्यासमोर आले तेव्हा म्हणाले, "ताई, तुमचा संडासाचा विषय कळला मला. सूनबाईची पहिली सही त्यावर. मग तर झालं?" ह्यांनी मागून माझ्या कोपराला हात लावला. मी बेलभंडारा उचलला. सूनबाईंना हात देईन म्हणाले.

मी बेल विकते. श्रावणात सोमवारी पोतंभर बेल उतरवते, तीन-तीन पानांच्या जुड्या बांधते, उरला की गुरांपुढं टाकते. त्या बेलाला मी घाबरले. माझ्याबरोबरची नूतन, तीही अपक्षच, तिनंही उचलला होता. देवळामागच्या नळावर ती खसाखसा हात धुत होती. मला म्हणाली, "काय गं, तोंड का पडलंय? भंडारा साबणानं जातो." मी माझा हात नाशिकला येईपर्यंत धुतला नाही.

मतदानाच्या दिवशी आम्हाला बसमधून थेट सभागृहाच्या दारात उतरवलं. आत जायला वेळ होता. व्हरांड्यात जुने फोटो लावले होते, पार इंग्रजांच्या काळातले, पगड्या घातलेले, हातात काठ्या, मिशांचे आकडे. एक म्हातारा शिपाई होता, निवृत्तीला आलेला. मी बघत उभी राहिले तसा जवळ आला. म्हणाला, "हे सगळे जुने अध्यक्ष, ताई. तेव्हा महापौर नव्हता, अध्यक्ष असायचा. आधी साहेबच नेमायचा, पुढं निवडणूक आली. तेव्हाही माणसं त्र्यंबकला नेऊन ठेवायचे म्हणतात, बैलगाड्यांतून. जिलेबी खाऊ घालायचे, तीर्थावर हात ठेवायला लावायचे, आणि मतदानाला गाड्या पुन्हा इथं आणून सोडायचे." खरं-खोटं त्याचं त्याला माहीत, तो काही तेव्हा जन्मला नव्हता. मी विचारलं, यात बाई कुणीच नाही? तो हसला. "बाईला कुठलं मत, ताई. घरपट्टी भरणाऱ्या बाप्यालाच होतं. तुमचं नशीब मोठं."

ते वाक्य घेऊन मी आत गेले आणि तेच घेऊन आजवर जगते आहे. तुमचं नशीब मोठं.

आधी सूनबाईंचं नाव पुकारलं. बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत. वरच्या गॅलरीत हे बसले होते, खळीचे कडक कपडे घालून, पुढं वाकून. अण्णा खालच्या रांगेत होते आणि त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. बघायची गरजच नव्हती त्यांना. माझ्या शेजारी नूतनचे दोन्ही हात मांडीवर होते. ती समोर बघत होती, शांत. मी बेलाचा विचार केला, पोरांचा विचार केला, देव बघून घेईल याचा विचार केला. हात वर गेला. बांगड्या कोपराकडं घसरल्या, त्यांचा आवाज झाला, तो मला सगळ्या सभागृहाहून मोठा ऐकू आला. मोजणारा कारकून आला, माझं नाव लिहून पुढं गेला. एवढंच. मिनिटभराचं काम. नंतर हेडबाईंचं नाव पुकारलं, तेव्हा नूतननं बिनदिक्कत हात वर केला. हेडबाई एका हातानं पडल्या.

देवानं नूतनला काही केलं नाही, हेही सांगून टाकते. ती पुढं एका समितीची सभापती झाली, अण्णांच्याच मेहेरबानीनं. भेटली की अजून छान बोलते.

बाहेर फटाके चालले होते. मथुराबाई फाटकापाशी उभी होती. एस.टी. चुकवून थांबली होती, हातात झेंडूची माळ, मला घालायला ओवलेली. मला बघून पुढं आली, माळ घातली, आणि म्हणाली, "हेडबाई पडल्या म्हनत्यात. एकाच हातानं. कोन मेलीनं खाल्ला गं त्यो हात?"

मी म्हटलं, "काय की."

दोन शब्द. निवडणूक सभागृहात झाली, पण माझं जे काही व्हायचं होतं ते या दोन शब्दांत झालं. ती तिथंच उभी राहून त्या अनोळखी बाईला शिव्या घालत होती आणि मी तिची माळ घालून ऐकत होते. तिनं माझ्या तोंडाकडं पाहून वर विचारलं, दमलीस का गं, जेवलीस का.

आमच्या बाजारात फुलं वर्तमानपत्रात बांधतात. रद्दी येते, ती आम्ही वाटून घेतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मथुराबाई रद्दीचे कागद फाडत होती. तिला वाचता येत नव्हतं, फोटो मात्र ती सगळे बघायची. एका कागदापाशी तिचा हात थांबला. पहिल्या पानावर सभागृहाचा फोटो होता, वर केलेल्या हातांचा. खाली सूनबाई हसत उभ्या. चेहरे कुणाचेच धड दिसत नव्हते. माझा हात पुढंच होता, कोपरापर्यंत बांगड्या.

तिनं शेजारच्या पोराला बोलावून, हे काय लिहिलंय रं, असं विचारलं नाही. फोटोतल्या मनगटावरून कोपराकडं बोट फिरवलं. मग म्हणाली, "बांगड्या म्या भरल्या व्हत्या. वळखल्या."

मी तोंडाला आलं ते बोलले. "बेलभंडारा उचलला होता गं. देवळात. काय करू मी?"

"कुनी दिला बेल? अण्णानं?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "आन मला शबूद दिलास तवा हातात काय व्हतं तुझ्या?"

"झेंडू होता."

"मंग? झेंडू देवाचा नाय व्हय?"

तो कागद तिनं गिऱ्हाइकाला बांधून दिला नाही. घडी घालून पाटीखाली ठेवला. माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर बरं झालं असतं, मी तिला दोन शब्द उलट सुनावून मोकळी झाले असते. पण ती बोलत राहिली. सुटे आहेत का, आज शेवंती कशी आली, लेकाचं लग्न जमलं का. फक्त चहाचा उरलेला अर्धा कप त्या दिवसानंतर तिनं माझ्याकडं दिला नाही. मातीवर ओतून टाकायची.

मी अण्णांकडं गेले नाही असं नाही. सात-आठ वेळा गेले. आधी म्हणाले, अंदाजपत्रक होऊ द्या. मग म्हणाले, ताई, संडासानं बाजाराची कळा जाते, लोक देवाला फुलं न्यायला येतात, त्यांच्या नाकाशी ते नको. त्या कोपऱ्याचं आपण सुशोभीकरण करू. कारंजं करू. तुमच्याच नावानं. हे घरी आले ते नाचतच, पाटीवर नाव येणार म्हणून. मी नको म्हटलं असतं तर कारंजं थांबलं असतं का, मला माहीत नाही. मी नको म्हटलं नाही हे माहीत आहे. उद्घाटनाला सूनबाई आल्या, मी शेजारी उभी राहिले, बटण मला दाबायला लावलं. पाणी वर उडालं. टाळ्या झाल्या.

आणि मग पहाटेपासून दुपारपर्यंत ते पाणी कोसळत राहायचं. ज्यांनी कधी तासन्‌तास दाबून धरलेलं नाही त्यांना यातलं काही कळायचं नाही. साठ-सत्तर बाया ओटीपोट आवळून बसलेल्या, आणि सहा हातांवर पाण्याची धार, सारखी, एका लयीत. बाया पाय दुमडायच्या, कूस बदलायच्या, कुणी कानाला पदर गुंडाळायच्या. एक-दोघींची तर तिथंच फजिती झाली, त्या पुन्हा कधी बाजाराला आल्या नाहीत. मी त्यांच्यातच बसायचे ना? नाही. तोवर मी पाटी लावणं सोडलं होतं, नगरसेविका म्हणून गाडीतून यायचे आणि उभ्या उभ्या जायचे. अशीच एकदा गेले तर मथुराबाई पाटीच्या कडेला गच्च धरून बसली होती, कपाळावर घाम. आयुष्यात तिनं माझ्याकडं दुसऱ्यांदा काही मागितलं. म्हणाली, "बाई, तेवढं तुझं कारंजं बंद कर. ऐकवंना."

गं नाही, तू नाही, बाई म्हणाली.

ते मी बंद करवलं. मुख्य नळाची कळ पिळून घेतली, पुन्हा कुणी सुरू केलं तर पुन्हा पिळली, शेवटी मोटारच बिघडली. पाच वर्षांतलं माझं स्वतःच्या मनानं केलेलं काम हे एवढंच. पुढच्या पावसाळ्यात सायखेड्याहून निरोप आला की मथुराबाई आता यायची नाही. तिला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात रक्त साफ करायच्या मशीनला लावतात. मी भेटायला गेले तेव्हा ओसरीवर बसली होती, पाय सुजलेले. मला बघून हसली. म्हणाली, "गंमत बघ. आता घरात संडास बांधला लेकानं, पाच पावलांवर. आन डागदर म्हनतो, पानी पिऊ नको. दिवसाला दोन गिलास." तिच्या शेजारी मापाचा पेला होता, त्यातलं घोटभर पाणी ती तोंडात घोळवत राहिली. डॉक्टरांना विचाराल तर ते म्हणतील, अशा दुखण्याला कारणं बरीच असतात. असतील. मी एकच धरून बसले आहे. दोन वर्षांनी ती गेली.

तिच्या जागेवर आता तिची सून सुनीता बसते. त्याच पहिल्या एस.टी.नं येते. मला मावशी म्हणते. तिला कुणी काही सांगितलेलं दिसत नाही, किंवा सगळं सांगून वर, बोलू नकोस, असंही सांगितलं असेल. मथुराबाई तेवढी मोठी होती.

घरी ह्यांनी पुन्हा कपड्यांना खळ घातली आहे. परवा जेवताना आमच्या सूनबाईला म्हणाले, तुझं आधार कार्ड कुठंय गं? मी ताटावरून उठले, तिच्या कपाटातून कार्ड काढलं आणि माझ्या फुलांच्या पिशवीत घालून बाजारात घेऊन आले. आत्ताही ते माझ्याजवळच आहे, ओल्या झेंडूखाली.

तर परवाची ती रिक्षा. भोंगा बंद झाला आणि फ्लेक्सवरचा तो उमेदवार स्वतःच उतरला. पाठीमागं चार पोरं, त्यांच्या हातांत पाण्याच्या बाटल्यांची खोकी. बाटलीच्या कागदावर त्याचाच फोटो. प्रत्येक बाईपुढं एकेक बाटली ठेवत गेला. "पाणी प्या मावशी, ऊन चढायला लागलंय." बायांनी घेतल्या. मग मोबाइलवाला पुढं आला आणि म्हणाला, सगळ्यांनी हात वर करा, व्हिडिओ काढतोय. बाया हसत हसत हात वर करू लागल्या. माझे दोन्ही हात पाटीत होते, ते तिथंच राहिले. पोरगं हसून म्हणालं, "करा की मावशी. हात वर करायला काय जातंय?"

ते पुढच्या रांगेकडं गेले.

रिक्षा गेली आणि बायांनी आपापल्या सुया काढल्या. फुलं ओवायच्या सुया. बाटलीच्या टोपणाला पाच-सहा भोकं पाडली की फुलांवर मारायला छान झारी होते, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. एकीनंही बाटली तोंडाला लावली नाही. सुनीतानं आपल्या टोपणाला भोकं पाडली, मग माझ्याकडं बघितलं. मी बाटली मांडीवर घेऊन बसले होते, सुई टोपणावरून घसरत होती. "आणा मावशी, मी पाडून देते," म्हणाली, आणि दिली पाडून.

समोर माझ्या नावाचं कारंजं होतं. आम्ही दोघी झेंडूवर पाणी मारत बसलो. दीडच्या एस.टी.ला सुनीता उठली, तोवर तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मीही नाही.